कार्ब्युरेटरच्या गळ्यातला व्हेंचुरी

रविवारी सकाळी कोथरूडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत अजूनही तो आवाज ऐकू येतो. आधी स्टार्टरची घरघर, मग दोन-चार आचके आणि अखेर एखादी जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी धडधडत जागी होते. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पा हमखास कार्ब्युरेटरवर येतात. कोणाची गाडी चढावर दम टाकते, कोणाची काळा धूर सोडते. मग कोणीतरी सुचवतो, की मोठ्या मापाचा कार्ब्युरेटर बसवला तर पिकअप सुधारेल. जुना मिस्त्री मात्र मान हलवतो. गळा मोठा केला तर गाडी पेट्रोल ओढणारच नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असते.

मिस्त्री ज्याला गळा म्हणतो, त्या अरुंद जागेला पुस्तकात व्हेंचुरी म्हणतात. हे एका माणसाचे नाव आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी हा इटालियन धर्मगुरू १८२२ मध्ये वारला, म्हणजे पहिली पेट्रोल मोटार धावण्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी. त्याने मोटार पाहिली नाही, पेट्रोलही नाही. तरी जुन्या मोटारीच्या प्रत्येक श्वासात त्याचा सिद्धांत आहे आणि रुग्णालयातल्या एका साध्या प्लास्टिकच्या मास्कवरही त्याचेच नाव आहे. मोठे म्हणजे चांगले, हा आपला समज गाडीच्या आणि माणसाच्या श्वासाबाबत का चुकतो, हे या माणसाच्या गोष्टीतून छान कळते.

पाण्याच्या मुलखातला विद्यार्थी

व्हेंचुरीचा जन्म १७४६ चा. गाव बिब्बियानो, उत्तर इटलीतल्या रेज्जिओ एमिलिया शहराजवळचे. तेव्हा इटली हा एक देश नव्हता. हा भाग मोडेनाच्या ड्यूकच्या ताब्यात होता. पो नदीच्या खोऱ्यातला हा सपाट, सुपीक मुलूख. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या इथे येऊन मंदावतात, गाळ टाकतात, पात्र बदलतात. सखल जमिनीत पाणी साचते. त्यामुळे कालवे, बंधारे आणि पाण्याचा निचरा ही तिथली रोजची राजकीय आणि आर्थिक चिंता होती. पाण्याचे गणित येणाऱ्या माणसाला अशा राज्यात मोठा मान असे.

रेज्जिओत त्याला गुरू लाभला लाझ्झारो स्पालान्झानी. हा अठराव्या शतकातल्या थोर प्रयोगशास्त्रज्ञांपैकी एक. अन्न पोटात रसांमुळे विरघळते, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून तपासले. नीट उकळून बंद केलेल्या द्रवात सूक्ष्मजीव आपोआप उपजत नाहीत, हे दाखवले. वटवाघळांना अंधारात वाट दाखवणारे डोळे नसून कान आहेत, या निष्कर्षापर्यंतही तो पुढे पोहोचला. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा प्रयोगात काय दिसते याला मान द्यायचा, ही त्याची शिकवण व्हेंचुरीच्या अंगी आयुष्यभर भिनली.

१७६९ मध्ये व्हेंचुरीने धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी तो रेज्जिओच्या धर्मशाळेत तर्कशास्त्र शिकवू लागला. चर्च आणि प्रयोगशाळा या दोन वेगळ्या दुनिया आहेत असे त्या काळात सर्रास मानले जात नसे. स्पालान्झानी स्वतः धर्मगुरूच होता. १७७४ मध्ये व्हेंचुरी मोडेना विद्यापीठात भूमिती आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि दोनच वर्षांत त्याच्याकडे भौतिकशास्त्र आले. शिकवण्याबरोबरच तो ड्यूकच्या दरबारासाठी अभियंत्याची कामेही करी. नदीकाठ आणि कालवे त्याच्या पायाखालचे होते.

नळी, टाकी आणि रंगीत पाणी

त्याला पडलेला प्रश्न वरकरणी अगदी साधा होता. पाण्याने भरलेल्या टाकीच्या बाजूला भोक पाडले तर त्यातून पाणी बाहेर पडते. त्याच भोकाला तेवढ्याच व्यासाची आखूड नळी जोडली तर काय होईल? नळीच्या भिंतीला पाणी घासणार, म्हणजे ते कमी येईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते सुमारे एक तृतीयांश जास्त येते. आणि नळीचे बाहेरचे टोक तुतारीसारखे हळूहळू रुंदावत नेले तर पाणी आणखी वाढते. योग्य प्रमाणात रुंदावलेल्या नळीतून साध्या भोकाच्या दुपटीहून अधिक पाणी व्हेंचुरीने काढून दाखवले. टाकी तीच, पाण्याची उंची तीच, भोकही तेच.

ही करामत प्राचीन रोममधल्या पाणीचोरांनाही ठाऊक होती. सरकारी जलवाहिनीवरून मंजूर मापाची तोटी घ्यायची आणि तिच्या पुढे लगेच मोठा पाइप जोडायचा, की हक्काहून जास्त पाणी घरात येई. रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी फ्रॉन्टिनस याने या लबाडीबद्दल लिहून ठेवले आहे. नळाला मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याशी भांडलेल्या पुणेकरांना ही तक्रार नवी वाटणार नाही.

व्हेंचुरीने पुढचा प्रश्न विचारला. हे जास्तीचे पाणी ओढतो कोण? त्याने नळीच्या आकसलेल्या भागाला काचेची बारीक नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक खाली ठेवलेल्या रंगीत पाण्यात बुडवले. टाकीतले पाणी वाहू लागताच रंगीत पाणी काचेच्या नळीतून वर चढले आणि प्रवाहात मिसळून वाहून जाऊ लागले. अरुंद जागी पाणी बाहेर दाब देत नव्हते, उलट आत ओढत होते.

आपली समजूत याच्या नेमकी उलट असते. अरुंद गल्लीत गर्दी जास्त, म्हणून अरुंद नळीत दाबही जास्त, असे आपण धरून चालतो. पण वाहते पाणी अडकून राहत नाही, ते वेग वाढवून पुढे जाते. वेग वाढवायला लागणारी शक्ती दाबातून येते, म्हणून वेग वाढला तिथे दाब घटतो. डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्येच हा हिशेब मांडला होता. व्हेंचुरीचे वेगळेपण असे, की त्याने नळीचे आकार बदलून ही ओढ किती आणि कुठे मिळते ते मोजले. शिवाय वेगाने जाणारी धार शेजारच्या स्थिर पाण्यालाही आपल्याबरोबर ओढून नेते, आपली गती बाजूला वाटते, यावर त्याने भर दिला.

जुन्या घरांत डास मारायला फ्लिटचा पंप असे. दांडा ढकलला की हवेची धार डब्याच्या नळीच्या तोंडावरून जाई आणि आतले औषध वर चढून फवारा उडे. त्या पंपात व्हेंचुरीचा काचेच्या नळीचा प्रयोगच आपण करत होतो.

या ज्ञानाचा उपयोग त्याने आपल्या मुलखातल्याच प्रश्नाला सुचवला. सखल जमिनीत साचलेले पाणी, जवळून कोसळणाऱ्या ओढ्याच्या धारेला जोडून, कोणतेही यंत्र न वापरता बाहेर काढता येईल, असे त्याने मांडले. लोहाराच्या भट्टीला धबधब्याच्या जोरावर वारा पुरवण्याची जुनी युक्ती का चालते, हेही त्याने याच तत्त्वावर समजावले.

पॅरिसमधली कमाई

१७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत उतरल्या आणि मोडेनाचे राज्य डळमळले. फ्रान्सशी बोलणी करायला पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळात व्हेंचुरी होता. राजकारणात त्या भेटीतून हाती काही लागले नाही. तो मात्र पॅरिसमध्येच थांबला आणि तिथल्या विद्वानांत मिसळला. १७९७ मध्ये त्याने तिथे फ्रेंच भाषेत प्रवाहांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. ज्या पुस्तकामुळे आज त्याचे नाव टिकून आहे, ते असे परमुलखात, राज्य कोसळत असताना छापले गेले.

त्याच मुक्कामात त्याच्या हातून आणखी एक मोठे काम झाले. नेपोलियनच्या फौजांनी मिलानच्या ग्रंथालयातून लिओनार्दो दा विंचीच्या वह्या लुटून पॅरिसला आणल्या होत्या. लिओनार्दो तेव्हा जगाला चित्रकार म्हणून माहीत होता. व्हेंचुरीने त्याची उलट्या अक्षरातली टिपणे वाचायला घेतली आणि त्याला त्यात पाणी, प्रकाश, गती आणि यंत्रे यांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ दिसला. १७९७ मध्येच त्याने फ्रान्सच्या राष्ट्रीय संस्थेपुढे यावर निबंध वाचला. लिओनार्दोचे वैज्ञानिक रूप जगापुढे आणणारा तो पहिला. त्या वह्यांना ओळखीसाठी त्याने दिलेली रोमन अक्षरे अभ्यासक आजही वापरतात.

आपल्याला आवाजाची दिशा कशी कळते, याचाही त्याने शोध घेतला. मोकळ्या जागेत माणसाला उभे करायचे, दुरून आवाज करायचा आणि दिशा ओळखायला सांगायची. एक कान बंद केला की अंदाज चुकतो. दोन कानांना कमी-अधिक जोराने ऐकू येणाऱ्या आवाजाची तुलना करून आपण दिशा ठरवतो, हे त्याच्या ध्यानात आले. श्रवणशास्त्रात या विषयावरच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

तुरुंग, दूतावास आणि गॅलिलिओ

मायदेशी परतल्यावर काळ फिरला. १७९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजांनी उत्तर इटली परत घेतली आणि फ्रेंचांच्या बाजूचा म्हणून व्हेंचुरीला कैद झाली. पुढच्या वर्षी मारेंगोच्या लढाईत नेपोलियन जिंकला आणि चित्र पुन्हा पालटले. सुटका झालेल्या व्हेंचुरीला पाव्हिया विद्यापीठात जागा मिळाली, पण अध्यापन फार काळ चालले नाही. नव्या सरकारने त्याला दूत म्हणून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला पाठवले आणि तिथे त्याची अनेक वर्षे गेली. नळ्या आणि टाक्यांकडे तो पुन्हा तितक्या निष्ठेने वळला नाही.

निवृत्तीनंतर त्याने गॅलिलिओची अप्रकाशित पत्रे आणि टिपणे गोळा करून १८१८ आणि १८२१ मध्ये दोन भागांत छापली. लिओनार्दो आणि गॅलिलिओ या दोघांचे विखुरलेले कागद सांभाळणारा हा माणूस १८२२ मध्ये रेज्जिओ एमिलियात वारला. तेव्हा त्याची ओळख विद्वान आणि मुत्सद्दी अशी होती. प्रवाहांवरचा त्याचा ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिला.

नावाचा दुसरा जन्म

सुमारे नव्वद वर्षांनी क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी जल-अभियंत्याला मोठ्या पाइपातून किती पाणी जाते ते मोजायचे होते. पाइपात फिरते चक्र बसवले तर ते अडते, झिजते. त्याने पाइपचा एक भाग हळूहळू आकसवून पुन्हा रुंदावला आणि अरुंद जागी दाब किती उतरतो त्यावरून प्रवाह काढला. १८८७ च्या सुमारास तयार झालेल्या या मीटरला त्याने स्वतःचे नाव न देता व्हेंचुरीचे नाव दिले. विसरलेल्या माणसाचे नाव असे जगभरच्या पाणीपुरवठ्यात पोहोचले.

त्याच सुमाराला जर्मनीत मोटार जन्माला येत होती. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत पेट्रोलसारख्या इंधनाच्या साठ्यावरून हवा जाई आणि उडालेली वाफ घेऊन इंजिनात शिरे. ऊन पडले, गाडी हलली, इंधनाची पातळी बदलली, की मिश्रणही बदले. १८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, बारीक जेटमधून इंधनाचा फवारा हवेत सोडण्याची पद्धत आणली. पुढे त्या जेटभोवतीचा हवेचा मार्ग आकसलेला, मग हळूहळू रुंदावणारा झाला. तोच व्हेंचुरीचा आकार. टाकीतल्या पाण्याच्या जागी हवा आली आणि रंगीत पाण्याच्या जागी पेट्रोल.

मापाचे गणित

आता रविवारच्या त्या चर्चेकडे येऊ. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात मोजले तर एका ग्रॅमला जवळपास पंधरा ग्रॅम. हा मेळ राखणे हे कार्ब्युरेटरचे काम.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटीमीटरचे. मिनिटाला चार हजार फेरे होत असतील आणि सिलिंडर ऐंशी टक्के भरत असतील, तर ते सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा ओढते. समजा गळ्याचा व्यास २४ मिलिमीटर आहे. मग हवा तिथून सेकंदाला ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने जाते. तिथे निर्माण होणारी ओढ साधारण २५ सेंटीमीटर पाणी वर चढवण्याइतकी असते. पेट्रोल जेटमधून बाहेर यायला आणि त्याचे बारीक तुषार व्हायला ती पुरेशी आहे.

आता गळा फक्त चार मिलिमीटरने वाढवून २८ करा. हवा तेवढीच, जागा जास्त, त्यामुळे वेग उतरतो. आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळपास निम्मी होते. चार हजार फेऱ्यांना हे खपून जाईल. पण हजार फेऱ्यांवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर २४ च्या गळ्यातही ओढ दीड सेंटीमीटरच उरते. २८ च्या गळ्यात ती एक सेंटीमीटरच्याही आत जाते. पेट्रोल येत नाही, आले तर थेंबाथेंबाने येते आणि गाडी आचके देते. मिस्त्रीचे म्हणणे ते हेच. गळा फार लहान असेल, तर उलट अडचण. खालच्या वेगात गाडी छान चालते, पण वरच्या वेगात श्वास कमी पडतो.

या पेचातून सुटण्याच्या वाटा म्हणजे कार्ब्युरेटरचे प्रकार. पहिला प्रकार ठरावीक गळ्याचा. सोलेक्स, झेनिथ, वेबर ही त्यातली प्रसिद्ध नावे. एकच गळा सगळ्या वेगांना पुरत नाही, म्हणून त्यात मदतनीस असतात. गाडी उभ्याने चालू ठेवायला आयडल जेट, एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप, आणि वेग वाढल्यावर मिश्रण घट्ट होऊ नये म्हणून हवा मिसळणारे एअर जेट. मोठ्या इंजिनांसाठी दोन गळ्यांचे कार्ब्युरेटर आले. आधी एक गळा उघडतो, गरज पडली तर दुसरा.

दुसरा प्रकार बदलत्या गळ्याचा. ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीनेच एक पिस्टन वर-खाली होतो आणि गळा हवा तितकाच उघडतो. पिस्टनला जोडलेली निमुळती सुई त्याच वेळी जेटचे तोंड कमी-जास्त करते. जुन्या मॉरिस मायनर १००० वर सव्वा इंची एसयू असे. जुन्या मोटारसायकलींत गळा उघडणारा सरकता पडदा केबलने हाताने उचलला जातो.

आकड्यांचा घोळही समजून घ्यायला हवा. पद्मिनीच्या सोलेक्सवरचा ३२ हा आकडा थ्रॉटलच्या झडपेजवळच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतला गळा त्याहून लहान असतो आणि त्याचा आकडा वेगळा. जेटवरचे १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचे भोक. म्हणून दोन कार्ब्युरेटरवर ३२ लिहिले आहे, एवढ्यावरून ते सारखे ठरत नाहीत. अडकलेले जेट तारेने खरवडले तर भोक मोठे होते आणि मग कोणताही स्क्रू फिरवून मेळ जुळत नाही. जेट साफ करायचे ते पेट्रोल आणि हवेच्या झोताने.

योगायोग असा, की एदोआर्दो वेबरने १९२३ मध्ये आपला कारखाना काढला तो बोलोन्यात. व्हेंचुरी जिथे शिकवत होता, त्या मोडेनापासून ते जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे.

कुर्ल्याहून कोथरूडला

आपल्याकडे हा गळा घरोघरी पोहोचला तो मुंबईच्या कुर्ल्यातून. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढे फियाटशी करार होऊन इटालियन आराखड्याच्या छोट्या मोटारी तिथे बनू लागल्या. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी.

मुंबईत जुळवलेली गाडी पुण्यात थोडी बदललेली वाटे, त्यालाही कारण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. गळ्यातून जाणाऱ्या हवेचे वजन घटते, पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही आणि मिश्रण किंचित घट्ट होते. महाबळेश्वरला हा फरक दुपटीहून जास्त. घाट चढताना जुनी गाडी सुस्तावते, त्यात चढाबरोबर विरळ हवेचाही वाटा असतो.

घट्ट मिश्रणाचा परिणाम फक्त खर्चावर होत नाही. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. थंड गाडी चोक ओढून सुरू करतो, तेव्हा आपण मुद्दाम मिश्रण घट्ट करत असतो. म्हणून शटर बंद असलेल्या गॅरेजमध्ये किंवा कोंदट तळघरात जुनी गाडी तापवत ठेवू नये. आधी दार उघडावे, गाडी बाहेर काढावी. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

मास्कमधला गळा

आणि आता रुग्णालयाकडे. सीओपीडी म्हणजे दीर्घकाळच्या श्वसनविकाराच्या काही रुग्णांना ऑक्सिजन हवा असतो, पण मोजून. तो जास्त दिला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येऊ शकते. १९६० मध्ये मोरन कॅम्पबेल या ब्रिटिश डॉक्टरांनी यावर एक साधा उपाय मांडला. मास्कच्या बुडाशी एक अरुंद जेट. त्यातून ऑक्सिजनची धार वेगाने सुटते आणि बाजूच्या खिडक्यांतून खोलीतली हवा आपल्याबरोबर ओढून घेते. व्हेंचुरीने पाण्यात पाहिलेली, शेजाऱ्याला गती वाटणारी धार ती हीच.

किती हवा ओढली जाईल, हे जेट आणि खिडक्यांची मापे ठरवतात. २४ टक्के ऑक्सिजन हवा असेल तर एका भाग ऑक्सिजनला सुमारे २५ भाग हवा लागते. २८ टक्क्यांना दहा भाग, ४० टक्क्यांना तीन. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे जेट मिळतात आणि प्रत्येकावर टक्केवारी व ऑक्सिजनचा प्रवाह छापलेला असतो. नातेवाइकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. रुग्णाला धाप लागली म्हणून स्वतःच्या मनाने जेट बदलू नये किंवा प्रवाह वाढवू नये, नर्सला किंवा डॉक्टरांना बोलवावे. मास्कच्या खिडक्यांवर चादर येऊ देऊ नये. खिडकी झाकली की हवा कमी ओढली जाते आणि प्रमाण बिघडते. मोटारीच्या एअर फिल्टरवर कापड अडकले तर मिश्रण बिघडते, तसेच हे.

टेकडीवरची मोजदाद

कोथरूडकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिथेच १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली एआरएआय आहे. टेकडीला अनेक जण त्याच नावाने ओळखतात. गाड्यांच्या धुरात काय आणि किती असते, हे मोजण्याचे काम तिथे दशकानुदशके चालते. या मोजदादीनेच कार्ब्युरेटरचा शेवट जवळ आणला. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचा मेळ सतत अगदी काटेकोर लागतो. गळा, जेट आणि सुई यांना तो तितका साधत नाही. २००० च्या आसपास नव्या मोटारींत संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणारे इंजेक्टर आले आणि २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला.

उरल्या त्या रविवारी सुरू होणाऱ्या जुन्या गाड्या. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारींना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट राखलेल्या मूळ मापाच्या कार्ब्युरेटरला ती जड जात नाही. मोठा गळा आणि खरवडलेले जेट लावलेल्या गाडीला मात्र जाते आणि तो धूर जातो आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत.

म्हणून पुढच्या वेळी कोणी मोठा कार्ब्युरेटर सुचवला, तर आधी गाडीच्या माहितीपुस्तकात गळ्याचा आणि जेटचा आकडा पाहावा आणि बसवलेले भाग त्याच मापाचे आहेत का ते मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. इंजिनाला त्याच्या श्वासाच्या मापाचा गळा लागतो. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने टाकी, नळी आणि रंगीत पाणी घेऊन हे मोजून ठेवले आहे.